दिनकरमामा, तुमची नळी आणि आमची कणीक

नोएडा, १२ जून १९९५

तीर्थस्वरूप दिनकरमामांस, गच्चीवर भाजून निघालेल्या पुष्करचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल तुम्ही चोळता की अजून मामींनाच चोळायला लावता? इकडे सगळे बरे आहोत, म्हणजे बाबा माझ्याशी फक्त आईमार्फत बोलतात. (कॉलेज अर्ध्यात सोडलेल्याचं 'बरं' असंच असतं.)

मामा, झालं ते सगळं तुमच्यामुळे. रसिकाताईच्या लग्नात, जेवायला बसल्यावर तुम्ही म्हणालात, "बत्तीस वर्षं कारखान्यात रायफली तपासल्या. नळी लांब, तशी गोळी जलद." ते मी मनात धरलं. आमच्या समोरच्या ब्लॉकमधली तनया छऱ्याच्या बंदुकीने नेमबाजी करते. बंदुकीची नळी चांगली हातभर लांब. छाप पाडायला तुमचं वाक्य मी माझं म्हणून तिला ऐकवलं. ती म्हणाली, "बिल्कुल नाही. छऱ्याच्या बंदुकीत नाही." माझं डोकं तुम्हाला माहीतच आहे. भर जिन्यात ओरडलो, "हरलो तर जुलैत कॉलेजात परत जाईन! जिंकलो तर तू माझ्याबरोबर बंगाली मार्केटला चाट खायला यायचं!" ती "चलो, ठीक" म्हणाली आणि हसली. (ते हसू कसलं, यावर मी आठवडाभर विचार केला.)

आता वेग मोजायचा कसा? करोल बागेत एअरगन दुरुस्त करणाऱ्या मुरलीधरकाकांनी एकाच जातीच्या, एकाच स्प्रिंगच्या दोन बंदुका दिल्या, एक आखूड नळीची, एक लांब. युक्तीही सांगितली: जड गोळा दोरीला टांगायचा, छरा त्यात रुततो, गोळा झुलतो, वेग जास्त तितका झोका मोठा. (नळीची रुंदीही नेमकी लागते, छरा सैल बसला तर हवा बाजूने निसटते. हे मला फारच आवडलं.) आईची पोळ्यांची कणीक मी गच्चीवर भिंतीपुढे टांगली. सकाळी आखूड नळी: झोका चार बोटं. मग पाण्याचा टँकर आला, बादल्या वर चढवल्या, जेवलो. दुपारी भर लूमध्ये (इकडचा भाजून काढणारा कोरडा वारा) लांब नळी: साडेचार! मी नाचलो, तनयाला हाक मारली. तिच्या मागोमाग आई आली, कणीक शोधत. गोळा तळहातावर तोलून म्हणाली, "अरे गाढवा, वाळून किती हलकी झालीय ही! ओलं फडकं नाही टाकायचं?"

हलका गोळा जास्त झुलणारच! मग आईनेच नवी कणीक मळून ओल्या फडक्यात गुंडाळली (तिलाही बघायचंच होतं), आणि आलटून पालटून छरे मारले. आखूड: चार. लांब: साडेतीन. दहाही वेळा.

तनया म्हणते, मामांच्या रायफलीत दारूचा वायू गोळीला पार पुढेपर्यंत ढकलत राहतो. आमच्याकडे स्प्रिंगने दाबलेली चमचाभर हवा, तिचा दम मध्येच संपतो, पुढे छरा नुसता घासत जातो. पण मामा, दम नेमका कितव्या इंचावर संपतो? मला जेवण जात नाही.

तुमचा,
बोलून अडकलेला पुष्कर

ता. क. कॉलेजचा अर्ज भरलाय, बाबांची सही राहिलीय. तुम्ही मला समजावलंत असं दाखवून त्यांना फोन करा ना. (परत जायची कारणं दोन. शब्द दिला हे एक. वेग मोजायचं खरं यंत्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे, हे दुसरं.)

ता. क. २ तनयाची बंदूक काल जवळून पाहिली. नळीचा पुढचा भाग नुसता पोकळ, नेमाची माशी, म्हणजे नेम धरायची टोकावरची खूण, डोळ्यापासून लांब राहावी म्हणून बसवलेला. खरी नळी आत आखूडच! विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंस?" म्हणाली, "मग कॉलेजात कोण गेलं असतं?" रविवारी ती बंगाली मार्केटला चाट खायला जाणार आहे. तिच्या आईबरोबर. मला बस स्टॉपपर्यंत सोडायला बोलावलंय. जाणार आहे.