कोल्ह्याशी बोलायचं नाही

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. भाऊजींचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जिवात जीव आला. तू विचारलंस, तुझा कोल्हा गेला का रानात. गेला होता. म्हणूनच उत्तराला उशीर झाला.

तो आला तेव्हा माझ्या बुटाएवढा होता, डोळे नुकते उघडलेले. त्याची आई रस्त्यावर गाडीखाली गेलेली. आमच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात पहिला नियम असा, की पिलाला भरवताना तोंडाला फडकं बांधायचं आणि अवाक्षर काढायचं नाही. माणसाच्या आवाजाची सवय लागली की ते रानात टिकत नाही. मी फडकं रोज धुऊन बांधलं. दूध मोजून पाजलं, वहीत लिहिलं. डॉक्टरबाई म्हणायच्या, वही बघावी तर याची. पण ताई, मी त्याच्याशी बोलायचो. फडक्याआडून, हळूच. तुला ठाऊक आहे, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत बाबा दुसऱ्या खोलीत गेलेले असायचे. तू सासरी गेलीस आणि ऐकणारं कुणी उरलं नाही. हा कान टवकारून ऐकायचा. आमच्याकडचे जुने कामगार, त्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी एकदा मला पकडलं. म्हणाले, एवढ्या गप्पा मारतोस, याला मुलगी देणार आहेस की काय? मी हसण्यावारी नेलं. वहीत ते लिहिलं नाही.

वहीवर विसंबून बाईंनी त्याला सोडलं. अकराव्या दिवशी तो एका शाळेच्या फाटकाशी गेला. मुलांचा गलका चालला होता, आणि हा पळायचं सोडून त्यांच्याकडे चालत गेला. पिसाळलाय समजून कुणीतरी लोखंडी कांब घातली. त्याला परत आमच्याकडे आणलं, मागचा एक पाय काढावा लागला. आता खातो नीट, पण सोडता येत नाही आणि ठेवायला जागा नाही. कायमच्या प्राण्यांसाठी दोनच पिंजरे आहेत. एकात आंधळं तरस, दुसऱ्यात पंख तुटलेली घार. मागची पडीक जमीन मिळावी म्हणून बाई तीन वर्षं अर्ज करत होत्या. परवा नकार आला, तिथे गाड्या उभ्या करणार आहेत. बाईंनी चार केंद्रांना फोन केले. सगळीकडे तेच रडगाणं.

उद्या सकाळी त्याला शेवटचं इंजेक्शन द्यायचं ठरलंय. जाळं टाकलं की तो भिंतीला धडका देतो, म्हणून मामा बाईंना म्हणाले, या पोरालाच हाक मारू दे, याच्याकडे येतो तो. बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी हो म्हटलं. हे कुणाला सांगू कळेना, म्हणून तुला लिहितोय. तो येणार नाही अशी आशासुद्धा मला नाही. मी एकदाच हाक मारीन, आणि तो तीन पायांवर येईल.

तुझाच,
धाकटा