फुलीची बाजू वर

४ जानेवारी १९९१, शुक्रवार

अंडी! चौदा! जुम्म्याच्या नमाजाहून आलो, मागच्या खोलीचं दार उघडलं, तर पेटीत अख्तरी वेटोळं घालून बसलेली आणि मधे पांढरा ढीग. आधी वाटलं, टॉवेलच गोळा केलाय हिनं.

डॉक्टरीणबाई डिसेंबरात ऑस्ट्रेलियाला निघून गेल्या, तेव्हा अजगरांची ही जोडी माझ्या गळ्यात मारून गेल्या. कार्पेट पायथन म्हणतात यांना. अंगावर गालिच्यासारखी नक्षी असते म्हणून. आमच्या हॅचरीत कोंबडीची मेलेली पिल्लं रोज निघतात, ती यांना चालतात. शिवाय बाई हॅचरीच्याच डॉक्टर, मी त्यांच्या हाताखालचा सुपरवायझर. नाही कसं म्हणणार? जाताना फ्रिजवर कागद चिकटवून गेल्या. खाणं, पाणी, ऊब सगळं लिहिलंय, अंड्यांबद्दल एक अक्षर नाही. त्यांच्या देशात आत्ता उन्हाळा. हिच्या अंगात अजून तिकडचंच पंचांग चालू दिसतंय. नर शेजारच्या पेटीत झोपलाय. त्याला कशाची खबर नाही.

अख्तरी हे नाव बायकोनं, रुकय्यानं ठेवलं. तिची एक फुफू, म्हणजे आत्या, होती म्हणे, जेवली की तीन दिवस जागची हलायची नाही.

रुकय्या दारातूनच म्हणाली, "मेहेकचे अब्बा, आता हिचं बाळंतपण पण आपणच करायचं काय?"

करायचंच. श्रीवर्धनला घरचं खुराडं होतं, इथे सौदीत, हुफूफला बावीस वर्षं हॅचरी. जन्मभर दुसरं केलंय काय? अंडं ते अंडं. तिच्या अंगाखाली थर्मामीटर सरकवला — एकतीस. हॅचरीतलं जुनं छोटं इन्क्युबेटर आणलं, एकतीसवर लावलं. तिच्या अंगावर उशीचा अभ्रा घालून तिला बाजूला केलं. अंडी चिकटायला लागली होती, हलक्या हातानं सोडवली. प्रत्येकावर पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून तीनदा उलटायची. हॅचरीत नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो — न फिरवलेलं अंडं आत चिकटून मरतं.

६ जानेवारी

सकाळ, दुपार, संध्याकाळ. फुली, गोल, फुली. काम चोख.

अख्तरी रिकाम्या टॉवेलाभोवती वेटोळं घालून बसलीय. मधूनच अंग झटकते, उचकी लागल्यासारखी. रुकय्या आज चक्क खोलीत आली. म्हणाली, "थंडी वाजताय काय हिला?" मी सांगितलं, जनावर आहे, विसरेल.

८ जानेवारी, मंगळवार

ऑफिसातून डॉक्टरीणबाईंना फोन लागला. चौदा म्हटल्यावर बाई ओरडल्याच. सहा वर्षं वाट पाहिली म्हणाल्या. अख्तरी बारा वर्षांची. ही पहिली, आणि बहुतेक शेवटची.

मग म्हणाल्या, "हारून, यांना कधीही फिरवायचं नाही. कोंबडीसारखं नाही. पिल्लू वरच्या बाजूला चिकटून वाढतं. उलटलं तर आतल्या आत बुडून मरतं. तू फिरवली नाहीस ना?"

मी म्हटलं, "नो, नो, डॉक्टर."

लिहितानाही कान तापतायत. बारा वेळा उलटलीत मी. मोजलं.

आजवर हॅचरीत कधी आकडा लपवला नाही. ऐंशी टक्के निघाली तर ऐंशीच सांगितली, शिव्या खाल्ल्या. आणि आज एका बाईला, तेही फोनवर, सरळ थाप मारली. टॉवेल बदल, मादीला धू, म्हणजे ती अंडी विसरेल — असंही बाईंनी सांगितलं. ते रुकय्यावर सोपवून मी कामावर गेलो.

घरी आलो तेव्हा चौदाही अंड्यांवर फुलीची बाजू वर होती. तशीच ठेवली.

१३ जानेवारी

टॉवेल तोच आहे! विचारलं तर रुकय्या म्हणते, "वास हाय तिच्या पोरांचा. तेवढा तरी राहू दे तिच्याकडं." तीन आठवड्यांपूर्वी हीच म्हणत होती, ते जनावर घरात आहे तोवर चूल पेटणार नाही.

कंपनी म्हणते, बायकांना गावी पाठवायचं तर आत्ता पाठवा, पंधरा तारखेला इराकला दिलेली मुदत संपते, त्यानंतरचं आम्हाला विचारू नका. रुकय्याला म्हटलं, महाडला मेहेककडे जा. लेकीच्या घरी महिना काढलास तर जावई काही म्हणणार नाही. ती कांदा चिरत राहिली. म्हणजे नाही.

१७ जानेवारी, गुरुवार

सुरू झालं. पहाटेपासून विमानं. रेडिओ सोडवत नाही.

१९ जानेवारी

खिडक्यांना टेप लावायची, विषारी गॅस आत येऊ नये म्हणून एक खोली पूर्ण बंद करायची, असा हुकूम. खिडकी नसलेली खोली घरात एकच — अख्तरीची. त्यामुळे सायरन झाला की आम्ही दोघं, अख्तरी, तिचा नवरा आणि इन्क्युबेटर, असे सगळे एका खोलीत. मास्क अजून मिळालेले नाहीत. तोंडावर ओले टॉवेल घेऊन बसतो.

आज तासभर बसलो. रुकय्यानं कुराणातली आयतल कुर्सी म्हटली, मग माझ्याकडे न बघता अख्तरीच्या पेटीत हात घातला. "गरम हाय," म्हणाली. "टॉवेल गरम केलाय हिनं. मना वाटलं थंडी वाजताय, आणि ही तर शेकताय त्याला."

मी इन्क्युबेटरच्या काट्याकडे बघत बसलो. एकतीस.

२४ जानेवारी

सायरन दोनदा. दाराच्या फटीला टेप लावून बोटं चिकट झालीत.

३० जानेवारी

अंडी फुगलीत, पांढरी आहेत, बुरशी नाही. टॉर्च लावून बघावं, आत शिरा दिसतायत का. पण त्यासाठी उचलावं लागेल, आणि माझा हात आता इन्क्युबेटरच्या काचेपुढे जात नाही. हॅचरीत दिवसाला हजारो अंडी हाताखालून जातात. इथे चौदांना भितो.

डॉक्टरीणबाईंचा ऑफिसात निरोप — "अंडी कशी आहेत?" मी निरोप धाडला — छान आहेत. दुसरी थाप.

९ फेब्रुवारी

हॅचरीत कामाचा बोजवारा. खाद्याचे ट्रक येत नाहीत. मिलिटरीला रस्ते हवेत. अंडी उबवायची अर्धी सेटर मशीनं बंद ठेवलीत. कफील, म्हणजे आमचा अरब मालक, येतो, "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करतो, आणि जातो. त्याला तरी काय माहीत.

रुकय्या सायरन नसतानाही त्या खोलीत जाऊन बसते. तिथेच भाजी निवडते. अख्तरीला महाडच्या गोष्टी सांगते, मेहेकच्या सासूच्या सकट. मला जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या अजगराला कळलंय.

१७ फेब्रुवारी, रविवार

संपलं.

सकाळी काचेतून पाहिलं तर अंड्यांना खड्डे. एकाला नाही, सगळ्यांना. हवा गेलेल्या फुटबॉलला पडतात तसे. कोंबडीच्या अंड्याला कवच असतं, त्याला खड्डा पडतो म्हणजे फुटलं, फेका. या कातडी अंड्यांचं वेगळं ते काय असणार? आतलं मेलं, आटलं, कातडं आत बसलं. आज चव्वेचाळिसावा दिवस. इतके दिवस मी मढी उबवत होतो.

इन्क्युबेटर बंद केलं. रुकय्याला सांगितलं, "मागच्या खजुराखाली पुरून टाक. मला बघायचं नाही." तिनं परातीत घेतली, एकेक, दोन्ही हातांनी.

मी कामावर गेलो. ट्रेमधली सहाशे अंडी नीट मोजता आली नाहीत, तीनदा मोजली.

२० फेब्रुवारी

त्या खोलीत जात नाही. पाणी वगैरे रुकय्या बघते. काल संध्याकाळी सायरन झाला तेव्हाही मी मोरीत बसलो. रुकय्यानं बोलावलं नाही. एरवी हाताला धरून ओढत नेलं असतं.

तिला सांगावं का, की मीच मारली? चाळीस दिवस झाले. ती म्हणेल काय, याची भीती नाही. ती काहीच म्हणणार नाही, त्याची वाटते.

२४ फेब्रुवारी, रविवार

जमिनीवरची लढाई सुरू झाली. उत्तरेकडे आभाळ मळकं, कुवेतच्या तेलविहिरी जळतायत म्हणे. दोरीवरच्या कपड्यांवर काजळी.

ऑफिसात फोन चालू होता. डॉक्टरीणबाईंना लावला. सगळं सांगितलं — चार दिवस फिरवली, बारा वेळा, तुम्हाला खोटं बोललो, सगळ्यांना खड्डे पडले, मेली, पुरली. इंग्रजीत सांगितलं. व्याकरण पार गेलं, पण बाईंना कळलं.

बाई घाईनं म्हणाल्या, "हारून, खड्डे कितव्या दिवशी —" आणि लाइन गेली. परत लागलीच नाही. मेल्याचा दिवस विचारून काय करणार होत्या? पण सांगून टाकलं. आज दीड महिन्यानं जेवलो नीट.

२६ फेब्रुवारी

रुकय्या दोन दिवस त्या खोलीचं दार लावून घेते. विचारलं तर म्हणते, "वारा लागताय." बंद खोलीत कुठला आलाय वारा?

२८ फेब्रुवारी, गुरुवार

लढाई थांबली. रेडिओवर ऐकलं, रुकय्याला सांगायला त्या खोलीत गेलो. ती पेटीपुढे मांडी घालून बसली होती. हातानं खूण केली, हळू. अख्तरी टॉवेलावर वेटोळं घालून, आणि वेटोळ्यातून खड्डे पडलेली अंडी डोकावत होती. पाच चिरली गेलेली. एका चिरेतून करंगळीएवढं तोंड बाहेर, जीभ हलतेय. म्हणजे ते खड्डे मेल्याचे नव्हते, पिल्लं निघायच्या आधीचे; बाई दिवस विचारत होत्या तो यासाठीच. त्या अंड्यावर माझीच पेन्सिल. फुलीची बाजू वर.

"पुरायला नेली," रुकय्या म्हणाली, "पण खड्डा नाय खणवला. मग आईला नेऊन दिली. तुमी उलटीपालटी करत होताव ते मी तवाच पाह्यलावता. मना वाटलं, ही तरी नाय फिरवणार."