नातीचं पूर्ण ताट

अहो,

नमस्कार. नाही, मला इथे सहलीत कुणी उपाशी ठेवलेलं नाही. उलट सगळा पैसा खाण्यातच चाललाय. हॉटेलात बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना अर्धा दर, पुढे मोठ्या माणसाचा. आपली नात नेमकी मागच्याच महिन्यात तेराची झाली.

काल बिलं बघून आपल्या लेकाचं तोंड उतरलं होतं. म्हणून आज वेटरने पोरीचं वय विचारलं तेव्हा मीच ठोकून दिलं, "अकरा!" ती माझ्याहून बोटभर उंच. वेटर हसला पण मान डोलावली.

तर ही पटकन म्हणते, "आजी, काहीतरीच काय! काका, मी तेराची आहे, पूर्ण ताट लावा." आणि बापाला, "बाबा, उद्या मी बोटीत नाही बसत. ते पैसे इकडे धरा."

माझे कान लाल झाले. पण खोटं कशाला सांगू, छाती फुगली हो! अगदी तुमच्यावर गेलीय. ताट चाटूनपुसून संपवलं, वर माझ्यातलंही खाल्लं.

गुडघ्याला तेल लावता ना? सूनबाईने नमस्कार सांगितलाय.

आणि पोरगी उद्या बोटीत बसणार आहे. पैसे कुठून आले ते विचारू नका, मी सांगणार नाही.