तंबू दीडशे मीटरवर

मोल्डे, ९ जुलै १९८४

ति. बोर्गहिल्डताईस,
शि. सा. न. वि. वि.

नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून घेरी येऊ देऊ नकोस. गाडी घेऊन उत्तरेला निघालोय, वीस तारखेच्या सुमारास तुमच्या बेटावर असेन. आपल्या देशात हॉटेलात उतरणं म्हणजे खिसा उलटा करणं. म्हणून तंबू घेतलाय, थर्मास आणि तपकिरी चीज लावलेल्या पावाचा डबाही. राहत्या घरापासून दीडशे मीटर दूर तंबू ठोकला की कायद्याने दोन रात्री कुणी उठवत नाही.

आईला पुरून आलो त्या दिवशी, घर तू बळकावलंस, या उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार नाही, असं मी बोललो होतो. म्हणून तुझ्याकडे उतरतो असं लिहीत नाही. फक्त कळवलं. उत्तर वाटेतल्या मू-इ-राना गावच्या पोस्टात पाठव.

लोभ उरला असेल तर थोडा पाठव,
ओड्वार

बेटावरून, १२ जुलै

चि. ओड्वार यास,
अनेक आशीर्वाद.

थर्मास तोच ना, बाबांनी झाकण दोरीने बांधलेला? तंबूही तोच असणार. मधुचंद्राला बायकोला त्यातच नेलं होतंस. ती बिचारी देवमाणूस, म्हणून तुझा संसार झाला!

माडीवरची खोली झाडून ठेवलीय. त्या दिवशी तू बोललास, मीही गप्प बसले नव्हते. आता तू पासष्टचा, मी एकाहत्तरची. आणखी किती वर्षं फुरंगटून बसायचं? सरळ घरी ये.

माझा लोभ आहे, आणि तो फुकट आहे,
ताई

नार्विक, १८ जुलै

ति. ताईस,
सा. न.

पत्र मिळालं. वाटेत शेजारच्या स्वीडनमध्ये शिरून स्वस्त बेकन घेतलं, तुझ्यासाठीही. त्यात एक दिवस गेला. तुमच्याकडची मोठी फेरीबोट महाग, म्हणून छोट्या बोटीने खाडी ओलांडून नार्विकवरून वळसा घालतोय. उतरायचं काय ते तिथे पोचल्यावर बघू.

राग असला तरी लोभ सोडू नये,
ओड्वार

बेटावरून, २२ जुलै, सकाळ

चि. ओड्वार यास,
आशीर्वाद, आणि कानही धरलाय असं समज.

बोटीचे पैसे वाचवायला दोनशे किलोमीटरचं पेट्रोल जाळणारा माणूस उभ्या देशात तू एकटाच! चिकटपणा मला नवा नाही रे. पण हे वळसे पैशांसाठी नव्हते, तुला माझ्या दाराची भीती वाटत होती. मलाही वाटत होती. परवा संध्याकाळी बटाट्याच्या शेतापलीकडे तुझा तंबू दिसला, तेव्हापासून मी खिडकी सोडलेली नाही, आणि बाहेर येऊन हाक मारायचा धीरही झाला नाही.

काल तू मासे धरायला गेलास तेव्हा गुडघे सांभाळत पावलांनी अंतर मोजून आले. बरोबर दीडशे. परक्यांसाठी केलेला कायदा तू सख्ख्या बहिणीला लावलास, याचं फार वाईट वाटलं. घरी येऊन रडले, मग हसूही आलं.

ही चिठ्ठी तुझ्या गाडीच्या वायपरखाली ठेवतेय. पोस्टाचं तिकीट वाचलं, तुला बरं वाटेल.

आता कायदा पुरता ऐक. दोन रात्री संपल्या. तिसऱ्या रात्रीला जमिनीच्या मालकिणीची परवानगी लागते, आणि मालकीण मी आहे. परवानगी नाही. तंबू गुंडाळ, बेकन घे आणि घरी ये. तवा तापलाय.

दारात उभी आहे,
ताई