सर्वानुमते आमेन

२ नोव्हेंबर, रविवार
नगर परिषदेची निवडणूक लागली. आज उपासनेनंतर चर्चचा चिटणीस या नात्यानं मंडळीला ठणकावून सांगितलं: श्रद्धा वेगळी, राजकारण वेगळं. आपल्या आवारात कोणत्याही पक्षाचा झेंडा, दुपट्टा किंवा चहा येणार नाही. टाळ्या पडल्या नाहीत. आमच्याकडे टाळ्या फक्त गाण्याला पडतात.
संस्कृतात माझ्यासारख्याला तटस्थ म्हणतात. तटावर उभा असलेला. वाहून जाणाऱ्यांना हाका मारायला कोणीतरी तटावर लागतंच.
संकल्प: निकाल लागेपर्यंत कोणत्याही उमेदवाराच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार
योहान मिस्त्रींचं दफन. दफनभूमीची वाट शामभाऊंच्या मंगल कार्यालयाच्या लॉनच्या भिंतीनं अडवली आहे, म्हणून पेटी भिंतीवरून पलीकडे द्यावी लागली. अलीकडून चौघांनी उचलली, पलीकडे चौघे हात वर करून उभे. मिस्त्रींनी आयुष्यभर भिंती बांधल्या. शेवटी एक ओलांडली. हे वाक्य मी साप्ताहिकाला पाठवतो त्या बातमीत वापरायचं.
विमलताई माझ्या अंगावरच आल्या. मास्तर, तुमी चिटणीस ना? मेलेल्या माणसाले भिंत चढाव लागून राह्यली. करा ना जी काही.
विमलताईंची सासू, रूथआजी, वर्षभर खाटेवर आहे. भेटायला येईल त्याला एकच विचारते: मले कोण्या वाटेनं नेसान बाप्पा? मी तिला शब्द दिला. नाताळच्या आत वाट मोकळी करीन.

५ नोव्हेंबर, बुधवार
शामभाऊंनी घरी बोलावलं. आपल्या प्रभागातून तेच उभे आहेत. चहा घेतला. चहा म्हणजे पाणी नव्हे.
माणूस मोकळा आहे. म्हणाले, भिंतीत गेट पाडून देतो मास्तर, फक्त तुमची मंडळी आपल्याकडं वळवा. आणि तुमच्यासारखा शिकलेला माणूस सभागृहात पाहिजेच, निवडून आलो की स्वीकृत सदस्य म्हणून घेतो. मी म्हणालो, मला पदाचा मोह नाही. दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणणार होतो, पण ते विषय बदलायला लागले, म्हणून थांबलो.
सखोल विचार केला. माझा पाठिंबा राजकीय नाही, दफनविषयक आहे. तटस्थता अबाधित.
उज्ज्वला म्हणाली, त्यानंच भिंत बांधली, आता तोच गेट देतो म्हनते. याच्यात उपकार कोणता जी? माझी पत्नी धार्मिक आहे, पण तिला धोरण कळत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
आमच्या चर्चचे नयन पाळक तरुण आहेत, गिटार वाजवतात, त्यामुळे मी त्यांच्याकडून विशेष अपेक्षा ठेवत नाही. आज मात्र बरं बोलले. कैसराच्या नाण्यावर प्रवचन: राजाचं ते राजाला द्या, देवाचं ते देवाला. कैसराचा मुखवटा लावून देवळात शिरणाऱ्यांना त्यांनी चांगलं झोडपलं. रोख उघड होता. विरुद्ध पक्षाच्या उमेदवार रुपालीताई. त्या तिथं नव्हत्या, तरी पाळक बोलताना सारखे माझ्याकडेच बघत होते. दुजोरा हवा असावा. मी मान डोलवत राहिलो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
विमलताईंकडे घरसभा. आज एक शोध लागला.
घरसभेत प्रत्येक जण आळीपाळीनं मोठ्यानं प्रार्थना करतो. सगळ्यांचे डोळे मिटलेले. एकाची प्रार्थना चालू असताना दुसरा तोंड उघडत नाही, कारण तो देवाशी बोलतो आहे आणि देवाशी बोलणाऱ्याला गप्प कोण करणार? शेवटी सगळे आमेन म्हणतात. इतकी मोठी सोय पिढ्यानपिढ्या आमच्या घरात आहे आणि आजवर कोणाला सुचली नाही.
माझी पाळी आल्यावर आधी आजारी माणसं घेतली, मग तूर, मग रूथआजीचे गुडघे. मंडळी लयीत आली आणि तेवढ्यात शामभाऊंना आत घेतलं. हे परमेश्वरा, आमच्या वाटेचं गेट उघडणाऱ्या शामभाऊंना यश दे. प्रभाग क्रमांकही सांगितला, वर गोंधळ नको.
आमेन! सगळ्यांचा. खाटेवरून रूथआजीचासुद्धा.
लगेच शामभाऊंना फोन केला. ठराव सर्वानुमते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
शामभाऊंनी विचारलं, पक्कं ना मास्तर? मी समजावलं की आमच्यात आमेन म्हणजे तसंच होवो. देवासमोर म्हटलेलं. त्यानंतर फिरणं नाही. ते फार प्रभावित झाले. म्हणाले, आमच्या कार्यकर्त्यायले हे शिकवलं पाहिजे, ते त गुलाल लावूनबी फिरतात.
जाकीट शिवायला टाकलं. नाताळसाठी. रंग शामभाऊंच्या पक्षाचा निघाला हा योगायोग. शिंप्याकडे तोच तागा होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार
घरसभा आमच्याकडे. विमलताईंनी प्रार्थना केली. आठवेल तशी उतरवतो.
हे प्रभू, आमच्या मास्तरायच्या चष्म्याचा नंबर बदलून दे बाप्पा. तेयले गेट दिसून राह्यलं अन् भिंत दिसून नाई राह्यली. अन् शामभाऊच्या पोट्ट्यायनं तिकडं पोडावर गरीब लोकायची प्रार्थना बंद पाडली, पेटी-तबला फेकला, त्या पोट्ट्यायले सुबुद्धी दे. उरली त मास्तरायले दे.
मध्ये बोलता येईना. डोळे उघडले तर सगळ्यांचे मिटलेले, फक्त उज्ज्वलाचा एक उघडा. शेवटी आमेन. मलाही म्हणावं लागलं.
विमलताई प्रार्थनेचा राजकीय वापर करतात, हे फार खेदजनक आहे.
पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, प्रकाराबद्दल शामभाऊंना विचारलं. म्हणाले, पोट्टे ऐकत नाईत. नेत्याचं मन स्वच्छ असलं म्हणजे झालं. पोरांचं मन हा पोरांचा प्रश्न.

२३ नोव्हेंबर, रविवार
रुपालीताई आल्या. थंडीचं निमित्त करून ब्लँकेटं आणली होती. दोनदा हालेलूया म्हणाल्या, दोन्हीदा चुकीच्या जागी. पहिल्याच सभेत वाटेचा ठराव घेते म्हणाल्या. कोणीतरी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. मंडळी: आमेन! माझ्या त्या गुरुवारपेक्षा मोठ्यानं.
घाबरण्याचं कारण नाही. आमेन दोन प्रकारचा असतो. एक श्रद्धेचा, एक शिष्टाचाराचा. माझ्या वेळचा पहिला, हा दुसरा. ऊब येते ती ब्लँकेटमुळे.
शिवाय कळलं की शामभाऊंच्या लॉनवर मांडव घालायचं काम रुपालीताईंचा भाऊच करतो. दोन्ही पक्षांची लग्नं त्याच भिंतीच्या आत लागतात. म्हणजे रुपालीताई दांभिक ठरतात. शामभाऊंनी निदान भिंत उघडपणे बांधली.

३० नोव्हेंबर, रविवार
नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. शामभाऊंचं चर्चमध्ये आगमन. त्यांच्यासाठी लॉनवरून नवरदेवाची लाल खुर्ची मागवून व्यासपीठाजवळ ठेवली होती. पाळकांनी ती उचलून बाहेर चिंचेखाली ठेवली. म्हणाले, इथं सगळ्यांना बाक. शामभाऊंना बालवर्गाच्या बाकावर जागा मिळाली. गुडघे हनुवटीला टेकले होते.
गळ्यात दुपट्टा होता. थंडीत दुपट्टा हे वस्त्र ठरतं.
उपासनेनंतर शामभाऊंनी गेटची घोषणा केली. विमलताई उठून म्हणाल्या, आजच पाडा ना भाऊ, गवंडी आमच्यातलाच हाय. शामभाऊ म्हणाले, आचारसंहिता लागली आहे ताई. विमलताई म्हणाल्या, भिंत बांधली तवा कोणती संहिता होती जी? मंडळी हसली. शामभाऊही हसले. मग मला म्हणाले, ही बाई कोण? मी म्हणालो, आमेन म्हणणाऱ्यांतलीच आहे.

२ डिसेंबर, मंगळवार
मतदान. जाकीट घालून गेलो. रांगेत आमची सगळी मंडळी. प्रत्येकानं मला पाहून हसून मान डोलावली. विमलताईंनीही. रूथआजीला चौघांनी खुर्चीत उचलून आणलं होतं. बोटाची शाई दाखवत तिनं विचारलं, आता खुलते का बाप्पा वाट? मी म्हणालो, आजी, खुललीच समजा.
स्वीकृत सदस्याला बसायला वेगळी जागा असते की सर्वांबरोबर, हे पाहून ठेवायचं.

३ डिसेंबर, बुधवार
विजय! शामभाऊ निवडून आले. तटस्थ माणसाच्या पाठिंब्यात बळ असतं ते हेच.
संध्याकाळी हार घेऊन गेलो. शामभाऊंच्या हातात बूथवार आकडे होते. आमच्या बूथवर त्यांना जी मतं पडली ती एका हाताच्या बोटांवर मोजता येतात, अंगठा राखून. रुपालीताईंनाही तेवढीच. बाकी सगळं नोटाला.
शामभाऊ म्हणाले, मास्तर, तुमचे आमेन कोठी गेले?
मी म्हणालो, मंडळीत शिक्षणाचा अभाव आहे. गेटचा विषय काढला. म्हणाले, कायले गेट? तुमच्या लोकायले तर काहीच पसंत नाई. स्वीकृत सदस्यपदाबद्दल मी विचारलं नाही, पण त्यांनी आपल्या साळ्याला बाजूला बसवून पेढा भरवला आणि मला म्हणाले, हे आपले स्वीकृत.
हार साळ्याच्या गळ्यात गेला.

४ डिसेंबर, गुरुवार
उज्ज्वलाला सरळ विचारलं. तिनं भाजी निवडता निवडता सांगितलं, नोटा. म्हणालो, तू तर त्या दिवशी माझ्या प्रार्थनेला आमेन म्हणालीस. म्हणाली, कोणी प्रार्थना केली की आमेन म्हणाव लागते. लहानपणापासून शिकवलं आईनं. तुमी प्रार्थनेत गावाचा नकाशा सांगतला असता तरी म्हटलं असतं.
पुढची जुडी सोडत म्हणाली, रूथआजीनंबी तेच बटन दाबलं. तिचं बोट धरून मीच बटनावर नेलं होतं.
मग माझ्या बूथवर शामभाऊंना मत देणारे माझ्याखेरीज बाकीचे कोण, याचा तपास सोडून दिला.

७ डिसेंबर, रविवार
शामभाऊंनी लॉनची भिंत दोन थर उंच केली. पाहुण्यांना दफनभूमी दिसू नये म्हणून. मी उंच भिंतीचे फायदे मांडणारा लेख साप्ताहिकाला देणार होतो: डुकरं, वारा, धूळ. तिसऱ्या फायद्यानंतर पेन थांबलं. रूथआजीकडे जायला हवं होतं. गेलो नाही.
संकल्प: आता राजकारणापासून कायमचं अलिप्त. येत्या रविवारी वार्षिक सभा. चिटणीसपदावर माझी फेरनिवड ही औपचारिकता. त्या प्रसंगी 'श्रद्धा आणि पक्षनिष्ठा' या विषयावर अर्धा तास बोलायचं. मंडळीला तिच्या वागण्याची जाणीव सौम्यपणे करून द्यायची.

१४ डिसेंबर, रविवार
जाकीट न घालता गेलो. भाषण खिशात.
उपासना संपली. पाळक म्हणाले, सभेची सुरुवात प्रार्थनेनं करू या. डोळे मिटले.
हे परमेश्वरा, आमच्या शांतवन मास्तरांनी इतकी वर्षं चिटणीस म्हणून जी सेवा केली तिच्याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. मी नम्रपणे मान खाली घातली. आता त्यांना या जबाबदारीतून विश्रांती दे. मी डोळे उघडले. सगळ्यांचे मिटलेले. आणि आमच्या नव्या चिटणीस विमलताई यांना बळ दे. उद्या सकाळी सगळी मंडळी, कोणत्याही पक्षाचा माणूस सोबत न घेता, वाटेसाठी तहसीलवर जाणार आहे, तिला धीर दे. रूथआजीला तोवर सांभाळ.
मला हात वर करायचा होता. हरकतीचा मुद्दा होता, नियमही पाठ होता. पण प्रार्थना चालू असताना हात वर केला तर लोक समजतात, देवाची स्तुती करतोय.
आमेन, मंडळी म्हणाली.
घरी येताना उज्ज्वलानं सांगितलं, सगळ्यायत मोठा आवाज तुमचाच होता.
मावळत्या चिटणिसाचं शेवटचं काम म्हणून सभेचं इतिवृत्त मलाच लिहायचं होतं. आत्ता लिहून झालं. ठरावापुढं 'बहुमताने' लिहिलं होतं. खोडलं. 'सर्वानुमते' लिहिलं.