डाव्या हाताची निब

४ जानेवारी

बाबा "छान" म्हणाले! लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

दाताच्या डॉक्टरांचं पेन होतं. फरशीवर नाकावर आपटलेलं — निबची दोन्ही टोकं एकमेकांवर चढलेली, त्यातलं एक तर चोचीसारखं वर वळलेलं. डॉक्टर म्हणाले, "हे काही होणार नाही, नवी निब टाका." नवी निब! असं कसं होणार नाही? सकाळभर भिंगाखाली धरून बसले. नखाने जरासं दाबायचं, बघायचं, पुन्हा जरासं. घाई केली की धातू तडकतो आणि मग खरंच नवी निब टाकावी लागते. शेवटी मधली फट सरळ झाली आणि शाई अशी उतरली की मीच माझ्यावर खूश.

मग नेहमीप्रमाणे पेन बाबांपुढे. हे काम त्यांनीच मला शिकवलं. त्यांनी बघितल्याशिवाय माझी एकही निब गिऱ्हाइकाकडे गेलेली नाही. पद्धत ठरलेली — पेन न उचलता कागदावर इंग्रजी आठाचा आकडा गिरवायचा. पसंत पडली तर स्वतः टोपण लावणार. नाही पडली तर एका बोटाने पेन माझ्याकडे परत सरकवणार. बस्स! शाबासकी वगैरे आमच्या दुकानात मिळत नाही.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात हलत नाही. म्हणून हल्ली आठ मीच गिरवते, ते बघतात. आज बघितलं आणि म्हणाले, "छान."

आईला सांगितलं तर म्हणाली, "अगंबाई! सूर्य पश्चिमेला उगवला की काय?"

८ जानेवारी

पुन्हा छान! तेही लागोपाठ. माझे पाय सध्या जमिनीवर नाहीत.

डॉक्टर पेन न्यायला आले. लिहून बघितलं, भिंग मागून घेतलं, पुन्हा बघितलं. "माझ्याकडे नोकरी करता का?" मी म्हटलं, "दात ओरडतात हो, निब ओरडत नाही."

११ जानेवारी

आईने गडबडीत बाबांच्या चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. बाबांनी घोट घेतला.

"छान."

आईला हसू आवरेना. मला नाही आलं.

१२ जानेवारी

आज मुद्दाम घाण काम केलं. फट वाकडी ठेवली, एक टोक वर, एक खाली. आठ गिरवताना शाई मध्येच तुटली, कागदही फाटला. पूर्वी अशा कामावर बाबांनी पेनच काय, मलाही दुकानाबाहेर सरकवलं असतं.

फाटलेल्या कागदाकडे बघून म्हणाले, "छान."

मागच्या खोलीत जाऊन खूप रडले. इतकी वर्षं या एका शब्दाची वाट बघितली, आणि तो मिळाला खारट चहाच्या भावात! त्यांना काही फरकच पडत नाही आता. नको मला ती शाबासकी. मला बाबा हवेत.

१५ जानेवारी

ठरलं. त्यांचं स्वतःचं पेन दुरुस्त करणार.

झटका आला तेव्हा हातातूनच पडलं होतं. तेव्हापासून खणात पडून आहे — जाड सोनेरी निब, टोकं फाकलेली. साऱ्या गावाच्या निबा सरळ करणाऱ्याचं पेन मोडकं! दुरुस्त करून डाव्या हातात देणार. डावा तर धडधाकट आहे.

आई म्हणाली, "त्यांच्या मागे लागू नकोस गं. शांत झालेत ते."

"शांत नाही झाले आई, विझलेत."

मग खणाची किल्ली तिनेच आणून दिली.

२१ जानेवारी

झालं! माझ्या हातून इतकं देखणं काम आजवर झालेलं नाही — उगाच विनय कशाला? कुठे वाकलं होतं ते मलाही शोधावं लागतं. कागदावर लोण्यावरून फिरावी तशी फिरते. या नोंदीचं अक्षर तिचंच. कधी एकदा उद्या उजाडतंय असं झालंय.

२२ जानेवारी

फजिती.

डाव्या हातात पेन दिलं. निब कागदात रुतली. एक ओरखडा, एक डाग, पुढे शाईच नाही. बाबांनी पेन खाली ठेवलं. "छान." आणि खिडकीकडे तोंड.

मी एक नंबरची मूर्ख! उजव्या हाताने आपण पेन ओढतो, डाव्याने ते ढकलावं लागतं. आणि मी निब तपासली कुणाच्या हाताने? माझ्या! "निबच्या आधी हात बघ, हात!" — किती वेळा ओरडलेत बाबा यावरून. सगळ्या गिऱ्हाइकांचे हात बघितले, त्यांचाच तेवढा राहिला.

२३ जानेवारी

आजची नोंद डाव्या हाताने. अक्षर आहे की मुंग्यांची वरात! पण कळलं — ढकलताना पुढे येणारी कडच रुतते.

२८ जानेवारी

रोज डाव्या हाताने लिहायचं, रुतलं की तेवढीच कड पॉलिश कागदावर घासायची, परत लिहायचं. आई म्हणते, "आता तुला काय झालं?" दोन पेनं उशिरा गेली, गिऱ्हाइकं कुरकुरली. कुरकुरू देत!

आज रुतली नाही. माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरातही शाई अखंड. सोपं नाही हे, आणि मला कुणी शिकवलेलं नाही. स्वतः शोधलंय!

वर जाताना अगदी किंचित काहीतरी लागतं. भिंगाखाली दिसत नाही. माझ्याशिवाय कुणाला कळायचंही नाही. उद्या देतेच.

२९ जानेवारी

बाबांनी आठ गिरवला. थरथरत, पण न उचलता. मग डोळे बारीक केले आणि तो पुन्हा गिरवला.

"खरखरते," म्हणाले. आणि डाव्या हाताच्या एका बोटाने पेन माझ्याकडे परत सरकवलं!