मंगळवारचं पोटॅशियम

सोम. ७ एप्रिल ९७, सांगली
क्लासमध्ये दिवसभर पोरांना कॉम्प्युटरवर ग्राफ शिकवले. विषय : साबणाची विक्री. धाकटी बहीण मरणाच्या दारात आणि मी साबणाचे खांब उभे करतोय. रंजूच्या दोन्ही किडन्या गेल्यात. दवाखान्यातच पडून आहे, मंगळ-शुक्र डायलिसिस. आईची किडनी जुळली आहे, पण रक्तातलं पोटॅशियम (पो.) ताब्यात आल्याशिवाय डॉक्टर मॅडम ऑपरेशनला पुण्याला पाठवणार नाहीत.

मंगळ. ८
पो. पुन्हा वर. मॅडम वैतागल्या. "असंच चाललं तर एखाद्या दिवशी हृदय जागच्या जागी थांबेल." तेही रंजूसमोर! बाहेर येऊन विचारलं, का वाढतं? म्हणे, शुक्रवार ते मंगळवार अंतर जास्त पडतं, म्हणून.
फाइल म्हणजे चिटोऱ्यांचा ढीग. त्यांच्या हातात आजचा तेवढा कागद असतो, दाराबाहेर रांग. त्यांचा तरी काय दोष. पण राग येतो, त्याला काय करू?

गुरु. १०
सगळे आकडे उतरवून घेतले. "बघा, तुम्हाला काही दिसतंय का," मॅडम म्हणाल्या. काय दिसणार, कपाळ!
रंजूचे ओठ फुटलेत. पाणी मोजून. "दादा, एकच घोट." नाही दिला. असला कसला भाऊ मी.

सोम. १४
जयंती. क्लास बंद, पीसी माझा एकट्याचा. गावी रहिमतपूरला मिरवणूक निघाली असेल. रंजू दरवर्षी सगळ्यांच्या पुढे नाचायची.
ग्राफ काढला. करवतीचे दात नुसते. मंगळवार वर, शुक्रवार खाली. म्हणजे मॅडमचंच खरं. पण एक दात मोडलाय. मार्चमधला एक मंगळवार, पो. खाली. अंतर तेवढंच. मग?

मंगळ. १५
प्रिंट मॅडमसमोर ठेवली. पहिल्यांदाच खुर्चीला टेकून शांतपणे बघितलं त्यांनी. बोट थेट मोडक्या दातावर. "या आठवड्यात काय वेगळं केलंत?"
"काही नाही."
"आठवा. हिच्या पोटात काय गेलं नाही?"
आठवेना. आजचं पो. एवढं की सगळ्यांच्या आधी हिलाच मशीनवर घेतलं.

बुध. १६
आठवलं. त्या रविवारी आई आली नव्हती. खंडाळ्याला मावशीच्या पोरीचं लग्न. एरवी दर रविवारी पॅसेंजरने येते, मला म्हणते, जा रं, जेवून ये. मी जातो.
रंजूला विचारलं. आधी तोंड फिरवलं, मग रडली. "शहाळं देती. म्हणती, ह्ये काय पाणी न्हाई, औषिदच हाय. लय बरं वाटतं रं दादा. आईला बोलू नगंस."
मॅडमना सांगितलं. डोळे मिटून बसल्या. शहाळ्यात पो. ठासून भरलेलं म्हणे. "मी पाणी कमी करा म्हणाले. शहाळ्याचं सांगायचं राहिलं." आजाऱ्याकडे कोण रिकाम्या हाताने जातं आपल्यात? दवाखान्याच्या फाटकातच शहाळ्यांची गाडी उभी असते.

शुक्र. १८
पो. जरासं खाली. पण ईसीजी चांगला नाही. पुण्याचं आता नंतर बघू म्हणतात. नंतर म्हणजे कधी? भीती वाटते, लय भीती वाटते.
आणि आईला कसं सांगू? स्वतःची किडनी काढून द्यायला निघालेली बाई. न सांगावं, तर परवा पुन्हा...

रवि. २०
पॅसेंजर लेट. आई उतरली ती थेट स्टेशनबाहेरच्या शहाळेवाल्याकडे. "चांगली पाण्याची बघून दे रं बाबा." मी हात धरला.
"सोड की. गेल्या रविवारी रंजी हसली बघ शहाळं पिऊन. किती दिसांनी हसली."
"आई, बाकड्यावर बस जरा."
चेहराच उतरला तिचा. "पोरगी हाय न्हवं?"
"हाय," म्हणालो. मग सगळं सांगितलं. ग्राफ खिशात होता, तो काढलाच नाही. रडेल, मला शिव्या घालेल वाटलं होतं. ती तर दवाखान्यापर्यंत पदर तोंडात धरून चालत आली.
आता खाटेच्या पायथ्याशी बसली आहे. रंजूला हात लावत नाही. परवा पुन्हा मंगळवार.
रंजू तिच्याकडे बघून पाणी मागतेय. आई माझ्याकडे बघतेय.